किल्ली खिशात, मोटार दारात

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ वर, लोहा तालुक्यात, माळेगाव हे खंडोबाचे ठाणे आहे. मार्गशीर्षात येथे भरणारी यात्रा घोडे, गाढवे, उंट आणि इतर जनावरांच्या बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. पूर्वी या माळावर बैलगाड्यांचे तळ पडत. घरची मंडळी देवदर्शनास गेली तरी गाडीजवळ एखादे वडीलधारे माणूस थांबून राही. आता त्याच माळावर मोटारींच्या रांगा लागतात आणि त्यांच्याजवळ कोणी थांबत नाही. मालक दार लोटून चालू लागतो, दहा-वीस पावले गेल्यावर मागे न पाहताच किल्लीवरील बटन दाबतो आणि गर्दीत मिसळून जातो. दिव्यांची उघडझाप झाली किंवा नाही, दारे खरोखरच बंद झाली किंवा नाही, हे तो पाहात नाही. मोटार आपोआप बंद होते ही त्याची समजूत बहुतेक वेळा खरीही ठरते. जेव्हा ती खरी ठरत नाही, तेव्हा काय घडते आणि का घडते, हे समजून घेण्याची वेळ आता आली आहे. कारण किल्लीविना उघडणारी मोटार ही केवळ महानगरातील श्रीमंतांची वस्तू राहिलेली नाही. शिक्षक, दुकानदार, सोयाबीनचा व्यापारी, बागायतदार यांच्या दारातही ती उभी आहे. जानेवारी २०२३ मध्ये ॲक्टिव्हा या लोकप्रिय स्कूटरची ‘स्मार्ट की’ असलेली आवृत्ती बाजारात आली, तेव्हापासून ही सोय दुचाकीवरही पोहोचली आहे.

दातेरी किल्लीपासून लहरींच्या किल्लीपर्यंत

जुन्या ॲम्बॅसडर किंवा पद्मिनी मोटारीची किल्ली म्हणजे दाते पाडलेली धातूची पट्टी. एका मोटारीची झिजलेली किल्ली दुसऱ्या मोटारीस लागल्याचा अनुभव त्या काळी पुष्कळांनी घेतलेला आहे. किल्ली नसली तरी स्टिअरिंगखालील तारा जोडून इंजिन सुरू करणे जाणत्या कारागिरास अवघड नव्हते. म्हणजे कुलूप होते, परंतु त्याचा भर मुख्यतः लोकांच्या सज्जनपणावर होता.

या स्थितीत पहिला मोठा बदल घडविला तो दूरनियंत्रित कुलपाने. १९८२ साली फ्रान्समधील रेनॉ कंपनीच्या फ्युएगो मोटारीस अशी सोय दिली गेली. १९९८ मध्ये मर्सिडीजच्या एस-वर्गातील मोटारीत किल्ली खिशातून बाहेर न काढता दार उघडण्याची व इंजिन सुरू करण्याची पद्धत आली. या दोहोंच्या दरम्यान, फारसा गाजावाजा न होता, एक तिसरी आणि खऱ्या अर्थाने महत्त्वाची वस्तू मोटारीत येऊन बसली. तिला इममोबिलायझर म्हणतात. किल्लीच्या मुठीत बसविलेली सूक्ष्म चकती ओळखल्याखेरीज इंजिनास इंधन व ठिणगी मिळू न देणे, हे तिचे काम. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. नेदरलँड्समधील दोन अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात या एका सक्तीमुळे मोटारचोरीचे प्रमाण सरासरी ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. चोरीविरुद्ध योजलेल्या उपायांपैकी इतका परिणामकारक उपाय क्वचितच आढळतो.

उलट उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथे ही सक्ती नव्हती. त्यामुळे ह्युंदाई आणि किया या कंपन्यांच्या तेथे विकलेल्या काही साध्या आवृत्त्यांत इममोबिलायझर बसविलेला नव्हता. २०२१-२२ मध्ये या मोटारी चोरण्याची रीत मुलांनी चित्रफितींतून एकमेकांस शिकविली आणि शहराशहरांतून चोऱ्यांची लाट उसळली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, चोरीस गेल्या त्या मोटारी दातेरी किल्लीने सुरू होणाऱ्या होत्या. त्याच कंपन्यांच्या बटनाने सुरू होणाऱ्या मोटारी या युक्तीला बधल्या नाहीत. तेव्हा नवी पद्धत म्हणजे धोका आणि जुनी किल्ली म्हणजे सुरक्षितता, असा सरसकट निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही.

दिंडी दरवाजाचा दृष्टांत

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांना आणि गढ्यांना भक्कम महाद्वार आणि त्यात एक लहान दिंडी असे. रात्री कोणी हाक दिली तर आतला माणूस ‘कोण?’ म्हणून विचारी आणि ओळखीच्या आवाजात, ओळखीचे उत्तर आल्यावरच अडसर काढी. किल्लीविना उघडणाऱ्या मोटारीचे काम याच रीतीने चालते. दाराच्या मुठीला हात लागला किंवा तिच्यावरील लहान बटन दाबले की मोटार ‘कोण?’ असा प्रश्न करते. हा प्रश्न सुमारे १२५ किलोहर्ट्‌झच्या, म्हणजे अगदी मंद लहरींतून विचारला जातो. या लहरींचा प्रभाव अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. म्हणून मीटर-दीड मीटरच्या टप्प्यात असलेल्या किल्लीलाच तो ऐकू येतो. खिशातील किल्ली जागी होते, प्रश्नात आलेल्या आकड्यावर आपल्या गुप्त संकेताची प्रक्रिया करते आणि उत्तर पाठविते. हे उत्तर भारतातील बहुतेक मोटारींत ४३३ मेगाहर्ट्‌झच्या आसपास असते आणि ते कित्येक मीटर दूर जाऊ शकते. प्रश्नातील आकडा दर वेळी निराळा असल्याने कालचे उत्तर आज चालत नाही.

बटन दाबून उघडणाऱ्या किल्लीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे मोटार प्रश्न विचारीत नाही. किल्लीच एकतर्फी आज्ञा देते. तीच आज्ञा पुन्हा पुन्हा दिली तर कोणीही ती टिपून ठेवील. म्हणून प्रत्येक दाबणीस पुढचा संकेत पाठविला जातो आणि मोटार आपल्या वहीत मागील आकडा खोडून नवा लिहून ठेवते. यास बदलता संकेत म्हणतात. घरातील लहान मुलाने किल्ली खेळण्यात घेऊन दूरवर असंख्य वेळा बटन दाबले, तर किल्लीचा आकडा पुष्कळ पुढे जातो, दोघांची गणती जुळेनाशी होते आणि मोटार उघडत नाही. अशा वेळी किल्ली बिघडली असे समजून नवी घेण्याची घाई करू नये. पुन्हा जुळणी करण्याची कृती मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेली असते. ही पुस्तिका बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या वेष्टनातून कधी बाहेरच निघत नाही, ही गोष्ट निराळी.

आवाज वाहून नेणारे दोघे

दिंडी दरवाजाच्या व्यवस्थेत एक उणीव होती. घरधनी दुसऱ्या आळीत झोपलेला असताना, एकाने पहारेकऱ्याचा प्रश्न जसाच्या तसा त्याच्या कानाशी नेला आणि झोपेत दिलेले त्याचे उत्तर त्याच्याच आवाजात परत आणले, तर अडसर निघेल. माणसाच्या आवाजाबाबत हे अशक्यप्राय होते; लहरींबाबत ते सहज शक्य आहे. झुरिच येथील स्विस तंत्रविद्यापीठातील फ्रान्सिलाँ, डानेव्ह आणि चाप्कुन या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हेच सिद्ध करून दाखविले. त्यांनी आठ उत्पादकांच्या दहा मोटारी तपासल्या आणि दहाही उघडून सुरू करता आल्या. यात कोणताही गुप्त संकेत फोडावा लागला नाही. एक यंत्र मोटारीजवळ, दुसरे किल्लीजवळ आणि दोहोंमध्ये लहरींची देवघेव, एवढ्यानेच काम झाले. किल्ली जवळ आहे असे मोटारीस वाटले आणि ती उघडली. यास रिले पद्धतीची चोरी म्हणतात.

नांदेडच्या किंवा लातूरच्या जुन्या वस्तीतील घराची रचना डोळ्यांपुढे आणली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. बोळ अरुंद, मोटार दाराबाहेर भिंतीला लागून उभी आणि किल्ली आत शिरताच उजव्या हाताच्या खुंटीवर. किल्ली व मोटार यांच्यात एक भिंत आणि दहा-बारा फूट अंतर. वाटेत भिंत आहे, ही समाधानाची बाब नाही. मंद लहरींना विटांची भिंत फारसा अडथळा करीत नाही. म्हणून किल्ली रस्त्याकडील भिंतीवर न टांगता घराच्या आतील खोलीत ठेवणे हा पहिला, बिनखर्चाचा उपाय आहे.

दुसरा उपाय धातूच्या डब्याचा. विद्युतवाहक आवरणाच्या आत बाहेरील विद्युतक्षेत्राचा प्रभाव पोहोचत नाही, हे मायकेल फॅरडेने १८३६ साली दाखविले. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात किल्ली ठेवली तर तिचे उत्तर बाहेर पडण्यास अटकाव होतो. तथापि प्रत्येक डबा सारखा नसतो. ॲल्युमिनियमचा पातळ कागद गुंडाळल्याने मंद लहरी पूर्णपणे अडतीलच असे नाही आणि झाकणास फट असली तर उपयोग कमी होतो. यासाठी पारख करणे सोपे आहे. डब्यात बंद केलेली किल्ली हातात धरून मोटारीच्या दाराशी उभे राहावे आणि मूठ ओढून पाहावी. दार उघडले तर डबा बदलावा. माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षकांना हा प्रयोग वर्गासाठी उत्तम आहे. पितळी डबा, स्टीलचा डबा, पत्र्याची पेटी, प्लॅस्टिकचा डबा यांत किल्ली ठेवून कोणत्या वेळी दार उघडते याची नोंद मुलांनी करावी. विद्युतचुंबकीय लहरींचा धडा त्यांच्या कायमचा स्मरणात राहील.

काही नव्या किल्ल्यांत हालचाल ओळखणारा घटक असतो. किल्ली काही मिनिटे स्थिर राहिली की ती झोपी जाते आणि मोटारीचा प्रश्न ऐकत नाही. आणखी पुढची पायरी म्हणजे लहरीला जाऊन येण्यास लागलेला वेळ मोजून अंतर ठरविण्याची पद्धत. वाटेत मध्यस्थ असला तर लागणाऱ्या जादा वेळामुळे तो उघडा पडतो. महाग मोटारींत ही पद्धत आलेली आहे. मोटार घेताना रंग आणि आसनांचे आवरण यांची चौकशी करणाऱ्या ग्राहकाने आपल्या किल्लीत यांपैकी काय आहे, हेही विक्रेत्यास विचारावे. बऱ्याच मोटारींत खिशातून उघडण्याची सोय पाहिजे तर बंद ठेवता येते आणि बटनाची सोय चालू राहते. हेही पुस्तिकेतच लिहिलेले असते.

गर्दीतला धोका वेगळा

रिले पद्धतीचा बोभाटा मुख्यतः ब्रिटन आणि युरोपात झाला. यात्रा, आठवडी बाजार, मंगल कार्यालये किंवा नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाराच्या परिसरातील वाहनतळ, येथे ध्यानात ठेवण्याजोगी युक्ती साधी आहे. मालक बटन दाबतो त्याच क्षणी जवळपास उभा असलेला चोर त्याच लहरींवर गोंगाट सोडतो. मोटारीस आज्ञा ऐकू येत नाही आणि ती उघडीच राहते. मोटार चोरीस जात नाही. तिच्यातील पिशवी, दागिन्यांची डबी, बाजार समितीत मिळालेल्या पट्टीची रोकड जाते. काच फुटलेली नसल्याने घरी पोहोचेपर्यंत काही कळत नाही आणि कळल्यावर संशय बहुधा बरोबर आलेल्या माणसांवर जातो. या चोरीचे खरे विष येथे आहे.

या युक्तीची पुढची पायरी अमेरिकेतील समी कामकार या तंत्रज्ञाने २०१५ साली सुमारे ३२ डॉलर किमतीच्या सुट्या भागांतून बनवून दाखविली. त्याचे यंत्र मालकाची पहिली आज्ञा गोंगाटात बुडवून स्वतः टिपून घेते. दार बंद झाले नाही म्हणून मालक पुन्हा बटन दाबतो. यंत्र दुसरी आज्ञाही टिपते, आणि पहिली सोडून देऊन दार बंद करते. मालक समाधानाने निघून जातो; न वापरलेला दुसरा संकेत यंत्रापाशी शिल्लक राहतो. पहिल्या दाबणीस मोटार बंद झाली नाही आणि दुसऱ्या दाबणीस झाली, असे अनोळखी गर्दीत घडले तर जागा बदलणे शहाणपणाचे.

साध्या गोंगाटावरचा उपाय अगदी साधा आहे. मोटारीपासून दूर जाण्यापूर्वी बटन दाबावे, दिव्यांची उघडझाप पाहावी, कुलूप पडल्याचा आवाज ऐकावा आणि मूठ ओढून पाहावी. किल्ली खिशात असताना मूठ ओढली तर काही मोटारी मालक आला असे समजून पुन्हा उघडतात; अशा मोटारीबाबत किल्ली बरोबरच्या माणसाजवळ देऊन त्यास चार पावले दूर उभे करावे आणि मग मूठ ओढावी. लहरी दडपणारी यंत्रे बाळगणे, विकणे किंवा वापरणे हे शासनाने खास परवानगी दिलेल्या यंत्रणांखेरीज इतरांस बेकायदा आहे. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये जनतेस तशी स्पष्ट सूचना दिलेली आहे. यात्रेच्या वाहनतळावर बंदोबस्तास असलेले पोलीस, होमगार्ड आणि पोलीस पाटील यांना एकाच वेळी अनेक मोटारींच्या किल्ल्या चालेनाशा झाल्याची तक्रार आली, तर तो निव्वळ योगायोग मानू नये. वाहनतळाचा ठेका देताना ग्रामपंचायतीने ठेकेदारास प्रवेशाच्या पावतीवर ‘मूठ ओढून पाहा’ एवढे तीन शब्द छापावयास लावले, तरी पुष्कळ काम होईल.

नवी किल्ली शिकविण्याची चोरी

स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर, मोटारीचे दोष तपासण्याचा एक जोड असतो. गॅरेजमधील कारागीर त्यास यंत्र जोडून इंजिनाची प्रकृती पाहतात. किल्ली हरवली तर नवी किल्ली मोटारीस ‘ओळखीची’ करून देण्याचे कामही येथूनच होते. दिल्ली पोलिसांनी गेल्या काही वर्षांत पकडलेल्या काही टोळ्यांकडे अशीच यंत्रे सापडली. काच फोडून किंवा दार उचकटून आत शिरावयाचे, यंत्र जोडावयाचे, कोऱ्या किल्लीस मोटारीची ओळख करून द्यावयाची आणि मोटार घेऊन जावयाचे. २०२३ मध्ये ब्रिटनमधील तज्ज्ञांनी याहून चमत्कारिक प्रकार उघडकीस आणला: समोरच्या दिव्यामागील तारांत यंत्र जोडून, किल्लीने परवानगी दिली आहे असा खोटा निरोप मोटारीच्या अंतर्गत जाळ्यात सोडण्यात येत होता. ब्रिटिश संसदेपुढे २०२५ मध्ये आलेल्या विधेयकात अशी चोरीची विद्युत साधने बाळगणे हाच गुन्हा ठरविण्याची तरतूद होती.

संकेत फोडण्याचे शास्त्रीय प्रयत्नही झाले आहेत. मोटारींच्या किल्ल्यांत मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या एका चकतीतील दोष तीन संशोधकांनी शोधला, तेव्हा २०१३ साली फोक्सवागन कंपनीच्या अर्जावरून ब्रिटिश न्यायालयाने निबंधाचे प्रकाशन थांबविले. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाने टेस्ला मोटारीच्या किल्लीची नक्कल काही सेकंदांत करून दाखविली, कारण तिचा गुप्त संकेत अवघा ४० बिटांचा होता. ग्राहकाच्या दृष्टीने यातील बोध घेण्याजोगा भाग एवढाच की, कंपनीने किल्लीच्या किंवा मोटारीच्या आज्ञावलीत सुधारणा सुचविली आणि विक्रेत्याने बोलाविले, तर जाऊन ती करून घ्यावी.

या सर्व प्रकारांवर लोखंडाचा एक जुना उपाय अजूनही लागू पडतो. स्टिअरिंगला किंवा गिअरला लावावयाचे कुलूप लहरींना जुमानत नाही. ते कापावयास वेळ लागतो, आवाज होतो आणि गल्लीतील कुत्री भुंकू लागतात. दिसण्यात ते ओबडधोबड असते हे खरे. पण ज्याच्या मोटारीवर ते दिसते, तिला सोडून चोर शेजारच्या मोटारीकडे वळतो.

सोयीची बाजू

इतके धोके वाचल्यावर ही सोय नकोच, असे एखाद्यास वाटेल. ते योग्य नव्हे. कडेवर मूल आणि हातात पिशवी असलेली स्त्री, संधिवाताने बोटे आखडलेले आजोबा, पावसात दवाखान्याच्या दाराशी रुग्णास धरून उभा असलेला नातलग, यांच्यासाठी किल्ली न शोधता उघडणारे दार ही चैन नसून आधार आहे. बहुतेक मोटारी किल्ली आत राहिली तर बाहेरून बंद होण्यास नकार देतात किंवा आवाज करून इशारा देतात. पूर्वी या प्रसंगी काच फोडण्यावाचून गत्यंतर नसे.

दैनंदिन अडचण येते ती वेगळीच. किल्लीतील नाण्याच्या आकाराचा तीन व्होल्टचा सेल साधारण वर्ष-दोन वर्षांत संपतो आणि संपताना तो किनवटच्या जंगलरस्त्यावर किंवा निलंगा-औसा भागातील शेतात संपतो, असा अनेकांचा अनुभव आहे. अशा वेळी घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक किल्लीच्या पोटात धातूची एक पट्टी दडविलेली असते; ती ओढून काढावी. दाराच्या मुठीवर, कित्येकदा टोपणाखाली, तिच्यासाठी भोक असते. आत बसल्यावर किल्ली इंजिन सुरू करण्याच्या बटनाला टेकवून धरावी. किल्लीतील चकतीस सेलची गरज नसते, ती बटनाभोवतीच्या वेटोळ्यातून येणाऱ्या शक्तीवर आपली ओळख पटविते. काही मोटारींत किल्ली ठेवण्याची जागा निराळी असते. ही कृती घराच्या अंगणात एकदा करून पाहिलेली असावी. आडरानात पहिल्यांदा करू नये.

वैशाखात लातूर-नांदेडच्या उन्हात बंद मोटार किती तापते, हे सांगावयास नको. किल्ली खेळावयास दिलेले मूल आत बसून दारे बंद करून घेऊ शकते. लहान मुलास किल्लीसह मोटारीत एकटे सोडणे हा चोरीपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. बटनाच्या मोटारींत इंजिन चालू ठेवूनच उतरून जाण्याची चूकही होते, कारण किल्ली काढण्याची कृती उरलेली नाही.

काच फुटली नाही तर पुरावा कोणता?

जुन्या पद्धतीच्या चोरीत फुटलेली काच, तुटलेले कुलूप हा पुरावा असे. लहरींच्या चोरीत सकाळी अंगणात फक्त मोकळी जागा दिसते. मोटार कर्जावर घेतलेली असेल तर हप्ते चालूच राहतात. विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते आणि एक किल्ली दाखविता आली नाही तर मालकाकडेच संशयाने पाहिले जाते. म्हणून मोटारीसोबत मिळालेली दुसरी किल्ली चालकाकडे, पाहुण्याकडे किंवा गॅरेजमध्ये न ठेवता घरात जपून ठेवणे, हा विम्याचाच एक भाग समजावा. हरवलेल्या किल्लीची नोंद लगेच पोलिसांत करून, अधिकृत विक्रेत्याकडून तिची ओळख मोटारीच्या स्मृतीतून पुसून घ्यावी.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा लागतो. मोटार जुनी झाली म्हणून तो सोडून देणाऱ्यांची संख्या खेड्यांत मोठी आहे.

चोरी लक्षात येताच ११२ क्रमांकावर कळवावे आणि फिर्याद द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. म्हणजे लातूरचा यात्रेकरू माळेगावी लुटला गेला तर त्यास ठाणे हुडकीत फिरावयास नको. माहिती इलेक्ट्रॉनिक साधनानेही देता येते. मात्र तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये प्रवासी किंवा मालवाहतुकीच्या वाहनाची चोरी, तशा वाहनातील वस्तूंची चोरी आणि शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालमत्तेची चोरी यांस सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पंचायत समितीच्या जीपचा चालक किल्ली कोठे ठेवतो, याकडे गटविकास अधिकाऱ्यांनी लक्ष द्यावयास हरकत नाही.

विमा कंपनीस उशिरा कळविले एवढ्याच कारणावरून दावा फेटाळला जात असे. चोरीस गेलेल्या एका ट्रॅक्टरच्या प्रकरणात मालकाने त्याच दिवशी फिर्याद दिली, परंतु कंपनीस दीड महिन्याहून अधिक काळाने कळविले. पोलिसांत तत्काळ फिर्याद असेल तर कंपनीस कळविण्यातील विलंब हे दावा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये दिला. किल्ली आत राहिलेल्या अवस्थेत चोरीस गेलेल्या एका ट्रकच्या प्रकरणी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ७५ टक्के भरपाई मान्य केली. याचा अर्थ निष्काळजीपणा माफ झाला असा नाही. त्याची किंमत एक-चतुर्थांश ठरली. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचे दार मोकळे आहे.

चोरीची मोटार कोण विकत घेतो?

चोरलेली मोटार कोणीतरी घेतो म्हणूनच चोरली जाते. देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके तेलंगणास, तर निलंगा, देवणी हे तालुके कर्नाटकास लागून आहेत. सीमेपलीकडची मोटार स्वस्तात मिळते म्हणून पैसे मोजण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. परराज्यातील वाहनास तेथील नोंदणी अधिकाऱ्याचे प्रपत्र २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र हवे. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर वाहनाचा क्रमांक, इंजिन क्रमांक आणि चॅसी क्रमांक देऊन ते चोरीच्या नोंदीत आहे काय, याची तपासणी कोणासही करता येते. १ एप्रिल २०१९ नंतर नोंदलेल्या वाहनांस उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी असते. तिच्यावरील अशोकचक्राचा चमकता शिक्का, लेसरने कोरलेला क्रमांक आणि एकदा काढल्यास पुन्हा न बसणारे खिळे पाहून घ्यावेत.

विक्रेता एकच किल्ली देत असेल आणि दुसरी हरवली म्हणत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. दोन्ही किल्ल्या मिळाल्या तरी अधिकृत केंद्रात जाऊन मोटारीच्या स्मृतीत एकूण किती किल्ल्यांची ओळख नोंदलेली आहे, हे विचारावे. दोन किल्ल्या हातात आणि तीनची नोंद असेल, तर तिसरी कोणाच्या तरी खिशात आहे. त्यानंतर चॅसी क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासावी, उमटलेला क्रमांक नोंदणी पुस्तकाशी अक्षरशः ताडून पाहावा आणि मगच प्रपत्र २९ व ३० वर सही करावी.